दोन सेकंदांचा अंधार : घरगुती संगणक आणि कोसळणाऱ्या ग्राफिक्स ड्रायव्हरचा इतिहास

१/ संध्याकाळची वेळ. घाटकोपर किंवा बोरिवलीच्या एखाद्या घरात संगणकावर खेळ रंगलेला असतो, नाहीतर महाविद्यालयाच्या प्रकल्पाची चित्रफीत तयार होत असते. अचानक पडदा गोठतो, क्षणभर काळा होतो आणि पुन्हा उजळतो. कोपऱ्यात सूचना उमटते : डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले होते, आता तो पूर्ववत झाला आहे. यानंतर घरात एकच वाक्य ऐकू येते : "कार्ड गेलं." हा निकाल बहुतेक वेळा पुरावा न पाहता दिलेला असतो.

२/ तो निकाल महागही पडतो. ग्राफिक्स कार्ड हा अनेकदा घरगुती संगणकातील सर्वांत किमती भाग असतो. चांगले कार्ड भंगारात जाते, नवे येते आणि चार दिवसांनी तोच काळा पडदा पुन्हा दिसतो. असे का होते, याचे उत्तर गेल्या तीस वर्षांच्या इतिहासात आहे. त्या दोन सेकंदांच्या अंधारामागे 'यंत्राच्या गाभ्यात कोणाला प्रवेश द्यायचा' हा जुना वाद दडलेला आहे. हा धागा त्या वादाविषयी. 🧵

३/ प्रथम ड्रायव्हर म्हणजे काय, ते पाहू. ग्राफिक्स कार्ड हे स्वतंत्र गणनयंत्र असते आणि त्याची भाषा निराळी असते. विंडोजला ती थेट येत नाही. दोघांमध्ये दुभाष्याचे काम करणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. ती लिहितो कार्डाची चिप बनवणारा, चालते ती विंडोजच्या घरात, आणि अडचण येते ती वापरणाऱ्याला. तीन पक्ष आणि एक दुभाष्या. दोष कोणाचा, या तंट्याची बीजे या रचनेतच आहेत.

४/ दुसरी संकल्पना 'कर्नल'ची, म्हणजे गाभ्याची. देवळात सभामंडप आणि गाभारा वेगळे असतात. सभामंडपात कोणी अडखळून पडला तर तेवढाच गोंधळ होतो. गाभाऱ्यात काही बिघडले तर पूजाच थांबते. संगणकातही सामान्य आज्ञावल्या सभामंडपात चालतात. त्यातली एखादी बंद पडली तर बाकीचे व्यवहार चालू राहतात. गाभ्यात चालणारी आज्ञावली चुकली, तर संपूर्ण यंत्र थांबवण्यावाचून गत्यंतर नसते.

५/ मुंबईच्या उपनगरांत संगणक आला तेव्हा हा प्रश्न घरापर्यंत पोचलेला नव्हता. पवईची आयआयटी १९५८ साली युनेस्को आणि सोव्हिएत संघाच्या साहाय्याने स्थापन झाली, आणि १९६० च्या दशकात तेथे सोव्हिएत बनावटीचा 'मिन्स्क-२' संगणक आला. १९७३ मध्ये अंधेरी पूर्वेला इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी 'सीप्झ' उभे राहिले. ही यंत्रे संस्थांची होती. बिघाड झाला की यंत्र, ते चालवणारा आणि दुरुस्त करणारा बहुधा एकाच आवारात सापडत.

६/ संगणकीय चित्रणाचे, म्हणजे ग्राफिक्सचे, गंभीर संशोधनही उपनगरातच झाले. १९८५ मध्ये स्वायत्त संस्था म्हणून स्थापन झालेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, अर्थात एनसीएसटी, जुहूला होते. एस. रमणी तिचे संचालक होते आणि ग्राफिक्सच्या विभागाचे नेतृत्व एस. पी. मुदूर यांच्याकडे होते. पडद्यावर वक्ररेषा कशी उमटवावी, भारतीय लिप्या कशा दाखवाव्यात, असे प्रश्न तेथे अभ्यासले गेले.

७/ एनसीएसटी आणि पवईची आयआयटी या दोन्ही संस्थांशी सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा संबंध होता. विंडोज २००० पासून कोट्यवधी संगणकांवर पोचलेला 'मंगल' हा देवनागरी टंक त्यांच्याच आरेखनाचा. पडद्यावर मराठी अक्षर दिसते तेव्हा शेवटचा हात फिरतो तो ग्राफिक्स ड्रायव्हरचा. तो अडखळला की खेळातली तोफही जाते आणि मंगलमधला 'ळ'ही जातो.

८/ घरगुती संगणकाचे चित्र वेगळे होते. १९९० च्या दशकात उपनगरांतील मध्यमवर्गीय घरांत आलेले पुष्कळसे संगणक 'असेंबल' केलेले असत. लॅमिंग्टन रोडवरून मदरबोर्ड, रॅम, कॅबिनेट, एसएमपीएस आणि कार्ड आणायचे आणि ओळखीच्या मुलाकडून जोडून घ्यायचे. १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत अशा वस्तूंवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. सुटे भाग आणखी आवाक्यात आले.

९/ या व्यवस्थेचा एक परिणाम क्वचितच लक्षात घेतला जातो. पाच कंपन्यांचे पाच भाग त्या कॅबिनेटमध्ये आयुष्यात प्रथमच एकमेकांना भेटत. नेमकी ती जोडणी कोणत्याही प्रयोगशाळेत तपासली गेलेली नसे. पवईच्या यंत्राच्या बिघाडाला एक पत्ता होता. घरातल्या यंत्राच्या बिघाडाला पाच पत्ते झाले आणि प्रत्येक पत्ता दुसऱ्याकडे बोट दाखवू लागला.

१०/ त्याच काळात अमेरिकेत एक महत्त्वाचा निर्णय झाला. विंडोज एनटीच्या आरंभीच्या आवृत्त्यांत रेखांकनाचे बरेचसे काम गाभ्याबाहेर चालत असे. ते सुरक्षित होते, पण संथ. कारण प्रत्येक कामासाठी गाभ्याचा उंबरठा ओलांडावा लागे. १९९६ च्या एनटी ४.० मध्ये मायक्रोसॉफ्टने वेगासाठी हे काम आणि त्यासोबत ग्राफिक्स ड्रायव्हर गाभ्यात हलवले. दुभाष्याला गाभाऱ्यात प्रवेश मिळाला.

११/ एनटी त्या वेळी मुख्यतः कार्यालयांत वापरली जाई. घरांत विंडोज ९५ आणि ९८ होती, आणि तिच्यात गाभारा व सभामंडप यांमधली भिंत मुळातच कच्ची होती. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यादेखत विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू असताना एक स्कॅनर जोडला गेला आणि मोठ्या पडद्यावर निळा पडदा अवतरला. सभागृह हास्याने दणाणले. घरोघरी मात्र त्या निळ्या रंगाला कोणी हसत नसे.

१२/ २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीने एनटीचा गाभा घराघरात नेला. यंत्रे पूर्वीपेक्षा स्थिर झाली, पण १९९६ चा तो निर्णयही त्यांच्यासोबत आला. दरम्यान १९९६ च्या 'व्हूडू' कार्डापासून १९९९ च्या 'जीफोर्स २५६' पर्यंत त्रिमितीय चित्रणाने झेप घेतली होती. ड्रायव्हर ही छोटी दुभाषी आज्ञावली उरली नाही. एटीआयने तर २००२ पासून 'कॅटलिस्ट' ड्रायव्हरच्या दरमहा आवृत्त्या काढण्याचा प्रघात पाडला.

१३/ याची किंमत २००३ मध्ये आकड्यात मांडली गेली. वॉशिंग्टन विद्यापीठातील मायकेल स्विफ्ट, ब्रायन बर्शाड आणि हेन्री लेव्ही यांच्या शोधनिबंधात विंडोज एक्सपीच्या नोंदवलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्क्यांचे कारण ड्रायव्हर असल्याचे नमूद आहे. येथे ड्रायव्हर म्हणजे सर्व प्रकारचे, केवळ ग्राफिक्सचे नव्हेत. तरीही अर्थ स्पष्ट होता : गाभ्यातले पाहुणे यजमानापेक्षा अधिक पडझड करत होते.

१४/ जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टाने तडजोड काढली. ग्राफिक्स ड्रायव्हरचे दोन भाग केले गेले : मोठा, गुंतागुंतीचा भाग बाहेर सभामंडपात, लहान, अत्यावश्यक भाग गाभाऱ्यात. शिवाय एक पहारेकरी नेमला गेला. त्याचे तांत्रिक नाव टीडीआर, म्हणजे वेळ संपल्याचे ओळखणे आणि सावरणे.

१५/ या पहारेकऱ्याचे काम साधे आहे. कार्डाला दिलेले काम थांबवायला सांगूनही २ सेकंदांत ते थांबले नाही, तर कार्ड अडकले असे तो मानतो, ड्रायव्हर व कार्ड नव्याने सुरू करतो आणि सूचना दाखवतो. एका मिनिटात पाचाहून अधिक वेळा असे घडले, तर मात्र यंत्र निळ्या पडद्यावर थांबते. म्हणजे पडदा काळा होऊन परत येणे ही यंत्र वाचवण्याची तजवीज आहे. जिथे पूर्वी सगळेच गेले असते, तिथे केवळ दोन सेकंद गेले.

१६/ व्हिस्टाचा आरंभ मात्र वादळी ठरला. नव्या रचनेसाठी सर्वांनाच ड्रायव्हर नव्याने लिहावे लागले आणि ते कच्चे निघाले. पुढे अमेरिकेतील एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रे २००८ मध्ये उघड झाली. त्यांतील २००७ च्या नोंदींनुसार व्हिस्टाच्या पडझडींपैकी २८.८ टक्के एनव्हिडियाच्या, १७.९ टक्के खुद्द मायक्रोसॉफ्टच्या, ९.३ टक्के एटीआयच्या आणि ८.८ टक्के इंटेलच्या खात्यावर होत्या.

१७/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने या आकड्यांपाशी थांबून विचार करायला हवा. ज्याची कार्डे अधिक विकली गेली आणि अधिक ताणली गेली, त्याच्या नावावर अधिक पडझडी येणारच. विक्रीशी ताडून पाहिल्याशिवाय हे टक्के एकमेकांशी तोलता येत नाहीत. दुसरे असे की, नोंद करणारा मायक्रोसॉफ्ट स्वतःच त्या तंट्यातला एक पक्ष होता. बखर कोणाच्या दरबारात लिहिली गेली हे जसे विचारावे लागते, तसेच येथेही.

१८/ नोंदीत नाव एकाचे आणि दोष दुसऱ्याचा, याचे ठळक उदाहरण लगेचच घडले. २००८ मध्ये एनव्हिडियाने जाहीर केले की लॅपटॉपमधील तिच्या काही चिपा त्यांच्या बांधणीतील कमकुवत सामग्रीमुळे निकामी होत आहेत. कंपनीने त्यापोटी १९.६ कोटी डॉलरची तरतूद केली. वारंवार तापून आणि निवून जोड सुटत होते. पडद्यावर मात्र चित्र फाटत होते आणि ड्रायव्हर कोसळत होता. त्या यंत्रांवर ड्रायव्हर कितीही वेळा बदलला असता, तरी उपयोग नव्हता.

१९/ याच्या नेमके उलटही घडले. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाने १९६.७५ क्रमांकाचा ड्रायव्हर काढला आणि काही दिवसांतच मागे घेतला, कारण काही कार्डांच्या पंख्याचा वेग त्यामुळे नीट राखला जात नव्हता व कार्डे तापत होती. एका प्रसंगी यंत्राचा दोष ड्रायव्हरच्या रूपात दिसला, दुसऱ्या प्रसंगी ड्रायव्हरचा दोष यंत्राच्या तापात. लक्षण आणि कारण यांचे नाते सरळ नसते.

२०/ आता पुन्हा उपनगरात. येथील हवामान आणि वीज हेही या कथेतील पक्ष आहेत. मे महिन्याच्या उकाड्यात, भिंतीला टेकवलेल्या, धुळीने भरलेल्या कॅबिनेटमध्ये कार्डाला थंड राहणे कठीण जाते. पावसाळ्यातली दमट हवा आणि समुद्राचा खारेपणा स्लॉटमधील धातूच्या संपर्कांवर पातळ थर चढवतो. कार्ड काढून त्याच्या सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसण्याची गल्लीतल्या कारागिरांची रीत अनेकांना अंधश्रद्धा वाटते. तिच्यामागे रसायनशास्त्र आहे.

२१/ विजेचे प्रश्नही तितकेच जुने. जुन्या इमारतींतले कच्चे अर्थिंग आणि एकाच एक्सटेन्शन बोर्डावर टांगलेला सगळा संसार अनेक घरांना परिचित आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई महानगराचा वीजपुरवठा अचानक खंडित झाला. टाळेबंदीच्या त्या काळात घरूनच चालणारे वर्ग आणि कामे थांबली. नवा ड्रायव्हर बसत असताना अशी वीज गेली, तर अर्धा जुना, अर्धा नवा असा दुभाष्या मागे उरतो.

२२/ एसएमपीएसचा मुद्दा वेगळाच. असेंबल करताना काटकसर बहुधा त्याच्यावर होते, कारण तो दिसत नाही. ग्राफिक्स कार्ड क्षणार्धात मोठी वीज मागते; स्वस्त एसएमपीएस ती देऊ शकला नाही तर कार्ड गोंधळते, पहारेकरी दोन सेकंद मोजतो आणि नाव लागते ड्रायव्हरचे. आभासी चलनाच्या खाणकामात महिनोन्‌महिने अहोरात्र राबवलेली कार्डे जुन्या बाजारात आली, तेव्हा या यादीत दमलेल्या पंख्यांची आणि सुकलेल्या थर्मल पेस्टचीही भर पडली.

२३/ मग खरा दोषी कसा शोधावा? उत्तर इतिहासाच्या पद्धतीतच आहे. पहिली पायरी कालनिर्णय. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ड्रायव्हर थांबून सावरल्याची नोंद ४१०१ या क्रमांकाने सापडते. पहिली नोंद कोणत्या तारखेची? त्याच्या आदल्या दिवसांत काय बदलले : नवा ड्रायव्हर, विंडोजने परस्पर बसवलेली आवृत्ती, नवी रॅम, की नवा खेळ? तारीख जुळली की निम्मा शोध संपतो.

२४/ दुसरी पायरी मूळ संहिता शुद्ध करण्याची. जुन्या ड्रायव्हरचे अवशेष राहिले असतील तर नवा त्यांच्यावर बसून बिघडतो. म्हणून इंटरनेट तोडून, सेफ मोडमध्ये जाऊन, 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर'सारख्या साधनाने सगळे पुसावे आणि कार्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर नव्याने बसवावा. नवीनतम आवृत्तीच उत्तम, हा समज सोडावा. पडझड सुरू होण्यापूर्वीची आवृत्ती अनेकदा अधिक विश्वासू साक्षीदार ठरते.

२५/ तिसरी पायरी साक्षी ताडण्याची, आणि तिचा नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ओव्हरक्लॉकिंग काढून पाहावे. तापमान मोजावे, कॅबिनेटची बाजू उघडल्यावर पडझड थांबली तर संशय उष्णतेवर. दुसरा एसएमपीएस लावून पाहावा. शेवटी ते कार्ड मित्राच्या यंत्रात बसवावे. तेथेही ते कोसळले, तरच "कार्ड गेलं" म्हणायचा अधिकार मिळतो. दोन सेकंदांची मर्यादा रजिस्ट्रीत वाढवणे हा उपाय लोकप्रिय आहे. पण तेवढ्याने बिघाड जात नाही, पहारेकरी उशिरा जागा होतो इतकेच.

२६/ गाभाऱ्याचा वाद अजून संपलेला नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणाने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली. मुंबईसह अनेक विमानतळांवर प्रवाशांची नोंदणी हाताने करावी लागली. तो ड्रायव्हर ग्राफिक्सचा नव्हता, पण गाभ्यात होता. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने सुरक्षा आज्ञावल्या गाभ्याबाहेर नेण्याची दिशा जाहीर केली, आणि २०२५ मध्ये निळ्या पडद्याचा रंगही काळा केला.

२७/ दुसरी घटना अधिक शांतपणे घडली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. त्याच महिन्यात एनव्हिडियाने २०१६ च्या जीटीएक्स १०५० टीआय आणि १०६० यांच्या पिढीसह जुन्या कार्डांसाठी नव्या खेळांना अनुरूप ड्रायव्हर काढणे थांबवले. केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. कार्ड धडधाकट आहे, पण त्याचा दुभाष्या नवे शब्द शिकणार नाही.

२८/ उपनगरांतील असंख्य संगणक अशाच कार्डांवर चालतात. पुढील काही वर्षांत तेथे पडदा काळा होईल, तेव्हा "कार्ड गेलं" हा निकाल अधिक सहज दिला जाईल आणि चालती यंत्रे कचऱ्यात जातील. जुन्या, स्थिर ड्रायव्हरची प्रत जपून ठेवणे आणि कोणत्या तारखेला काय बदलले याची वहीत नोंद करणे, हे यावरचे घरगुती उपाय. दोन्ही मुळात दफ्तरखान्याचीच कामे आहेत.

२९/ पवईच्या यंत्राला त्याच्याच आवारातला अभियंता होता. घरातल्या यंत्राला तो नाही. ती जबाबदारी नकळत वापरणाऱ्यावर आली आहे. तीस वर्षांच्या या इतिहासाने तिच्यासाठी एक साधा धडा ठेवला आहे. घटनास्थळी ज्याचे नाव शेवटी सापडते, तो गुन्हेगार असेलच असे नाही. सूचनेतले ड्रायव्हरचे नाव ही चौकशीची पहिली ओळ असते. निकाल तारखा जुळल्यावर आणि साक्षी ताडल्यावरच द्यायचा असतो.

(समाप्त)